शेवटच्या बांधीपासून

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेवर, गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्या वेळी प्रकल्पाची मंजूर किंमत ३७२ कोटी रुपये होती आणि नागपूर, भंडारा, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि खर्चाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला. २०१६ मध्ये सुधारित किंमत १८,४९४ कोटींवर पोहोचली, म्हणजे मूळ आकड्याच्या जवळजवळ पन्नास पट. अकरा किलोमीटरहून लांब धरण आणि त्याची ३३ दारं केव्हाच उभी राहिली. पण पायाभरणीला पस्तीस वर्षं उलटली तरी कालव्यांचं आणि वितरिकांचं जाळं पुरतं झालेलं नव्हतं, आणि ज्याच्या नावाने हे सारं मांडलं त्या धान उत्पादकांपैकी अनेकांना ऑक्टोबरात आभाळाकडेच बघावं लागत होतं.

गोसीखुर्दवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक सगळं घोटाळ्याच्या अंगाने. ते लिहिणं गरजेचंच होतं. पण त्याच्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला: समजा, या प्रकल्पातला रुपया न् रुपया प्रामाणिकपणे खर्च झाला असता, तर पाणी वेळेवर शेतात पोहोचलं असतं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा प्रकल्प ज्या रीतीने आखला गेला, तुकड्यांत वाटला गेला आणि मोजला गेला, त्या रीतीतच त्याचं रेंगाळणं होतं. धरण हे एक काम, कालवा दुसरं, भूसंपादन महसूल खात्याचं, वनजमीन वनखात्याची, गावं पुनर्वसन विभागाची आणि नदीत येणारं सांडपाणी महापालिकेचं. प्रत्येकाची फाइल स्वतंत्र होती. पाणी मात्र या सगळ्यांतून एकसलग जाणार होतं आणि त्या एकसलग वाटेची जबाबदारी पेलणारं कुणी नव्हतं.

अशा कामांकडे बघण्याची एक शिस्त आहे. तिला प्रणाली अभियांत्रिकी किंवा सरळ सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळांमध्ये ती आकाराला आली, कारण टेलिफोनच्या जाळ्यात एकेक यंत्र उत्तम असूनही बोलणं नीट ऐकू येईलच याची खात्री नव्हती. पुढे क्षेपणास्त्रांनी आणि अपोलो मोहिमेने तिला घट्ट रूप दिलं. तिचं मूळ म्हणणं गणिताशिवायही समजतं. आधी ठरवा की शेवटी कुणाला, कुठे, केव्हा आणि काय मिळायला हवं. तिथून उलट चालत या आणि त्यासाठी कोणकोणते भाग लागतील ते काढा. भागांपेक्षाही त्यांच्या सांध्यांवर जास्त लक्ष ठेवा, कारण भाग कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि सांधा कुणाचाच नसतो. १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचलेलं ‘नासा’चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झालं. एका चमूचे आकडे पौंडांच्या हिशेबात होते आणि दुसरा चमू ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होता. दोन्ही चमू आपापल्या कामात तरबेज होते. बिघाड दोघांच्या मधल्या जागेत होता. या शिस्तीतली शेवटची गोष्ट अशी की प्रत्येक टप्प्यावर तपासणी करायची ती मूळ गरजेला लावून. किती खोदलं, किती ओतलं, किती खर्च झाला, हे आकडे त्या तपासणीत दुय्यम असतात.

आता हे वैनगंगेच्या खोऱ्यात आणून बघू. पूर्व विदर्भात धानाची रोवणी जुलैत होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, लागले की पुढचे दोन महिने बहुधा पाऊस सांभाळून नेतो. खरी कसोटी सप्टेंबर संपता संपता लागते. भारी धान तेव्हा गर्भात असतो, लोंब्या बाहेर पडायच्या असतात आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस मागे फिरतो. त्या पंधरा-वीस दिवसांत बांधीत पाणी असलं तर दाणा भरतो. नसलं तर लोंबी दिसायला उभी, पण आत पोचट. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्या प्रकल्पाची किंमत त्या एका पाण्यात आहे. ते पाणी त्याच्या बांधीत शेतचारीतून येणार. शेतचारीत ते विमोचकातून, म्हणजे लघुवितरिकेच्या काठावरच्या छोट्या दारातून उतरणार. लघुवितरिकेत वितरिकेतून, वितरिकेत कालव्यातून आणि कालव्यात धरणातून. या साखळीत सगळ्यात स्वस्त वस्तू विमोचकाचं ते दार असेल. ते नसेल, किंवा त्याच्या तोंडाची पातळी लघुवितरिकेतल्या पाण्याच्या पातळीशी जुळली नसेल, तर धरणातलं पाणी त्या चाळीस-पन्नास बांध्यांच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

प्रकल्पाची आखणी या दारापासून सुरू झाली असती तर त्याचं उद्दिष्ट वेगळ्या शब्दांत लिहिलं गेलं असतं: अमुक गावाच्या अमुक शिवारात, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, इतकं पाणी. आपल्याकडे उद्दिष्ट लिहिलं जातं ते सिंचनक्षमतेच्या हेक्टरांत. कागदावर निर्माण झालेली क्षमता आणि प्रत्यक्ष ओली झालेली जमीन यांतलं अंतर किती मोठं असू शकतं, हे महाराष्ट्राने २०१२ मध्ये पाहिलं. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत ओलिताखालच्या क्षेत्राचं प्रमाण २०००-०१ मधल्या १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाल्याचं दिसलं. दशकभरात सिंचनावर सुमारे सत्तर हजार कोटी खर्च झाले आणि वाढ एक दशांश टक्का. त्या आकड्यांच्या मोजणीवर नंतर बरेच वाद झाले, शासनाने श्वेतपत्रिकेत वेगळा हिशेब मांडला. पण एवढ्या खर्चाचं फलित काय याबद्दल राज्याच्या दोन कागदांत एकमत होऊ नये, हाच मुळात पुरावा आहे. जे शेवटी हवं होतं ते सुरुवातीपासून कुणी मोजतच नव्हतं.

गोसीखुर्दचा सर्वांत दुखरा सांधा धरण आणि माणसं यांच्यामधला. जलाशयाची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर. धरण तेवढं पाणी अडवायला तयार झालं, पण पाणी तेवढं चढवता येईना, कारण बुडीत क्षेत्रात माणसं राहत होती. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली ऐंशीच्या वर गावं हलवायची होती. नव्या गावठाणात घरासाठी जागा मिळाली तरी तिथून शेत, पाणी, रोजगार किती लांब, हा हिशेब अपुरा राहिला. लोक हलले नाहीत आणि त्यांनी हलू नये अशीच परिस्थिती होती. त्यामुळे जलाशय वर्षानुवर्षं थोडाथोडा करून भरावा लागला. २०१३ मध्ये शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी ११९९ कोटी ६० लाख रुपयांचं विशेष पॅकेज मंजूर केलं. पायाभरणीला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि केवळ या एका पॅकेजची रक्कम मूळ प्रकल्पाच्या किमतीच्या तिपटीहून अधिक होती. म्हणजे जो भाग प्रकल्पाच्या सीमेबाहेर आहे असं गृहीत धरलं, तोच भाग प्रकल्पाहून मोठा निघाला. पुनर्वसन वेळेत करणं हा न्यायाचा प्रश्न आहेच, आणि आधी तोच आहे. पण ज्यांना न्यायाची भाषा पटत नाही त्यांनी निव्वळ अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तरी निष्कर्ष तोच निघतो: गावं हलल्याशिवाय हे धरण काम करू शकत नाही. मग गावांची तारीख धरणाच्या वेळापत्रकात भिंतीच्या आधी यायला हवी होती.

दुसरा सांधा कालव्याच्या अस्तराचा. गोसीखुर्दचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटरचा, डावा सुमारे २३ किलोमीटरचा. कालव्याला आतून काँक्रीटचं अस्तर देतात ते झिरपा थांबावा आणि पाणी कमी अडथळ्याने वाहावं म्हणून. अस्तराला भेगा पडल्या, ते खचलं, गवत उगवलं, तर सुरुवातीच्या किलोमीटरांत फारसं बिघडत नाही. तिथे पाणी मुबलक असतं. फटका बसतो तो शेपटाला. डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट असल्याचा निष्कर्ष चौकशीसाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने काढला आणि ते काढून पुन्हा करण्याची वेळ आली. यात ठेकेदारीचा आणि देखरेखीचा दोष आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण किलोमीटरमागून किलोमीटर काँक्रीट ओतलं जात असताना, पहिल्याच तुकड्यात पाणी सोडून, टोकाला किती पोहोचलं ते मोजून, मगच पुढचं बिल काढायचं अशी अट असती, तर दोष तिथेच उघडा पडला असता. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर भरतात. पाणी पोहोचलं की नाही, यासाठी तिच्यात रकाना नसतो.

तिसरा सांधा थेट नागपूर शहराशी येऊन भिडतो, आणि नागपूरकरांनी त्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं मला कळकळीने वाटतं. शहरातून वाहणारी नाग नदी पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याजवळ वैनगंगेत शिरते. आंभोऱ्याचा तो संगम आज गोसीखुर्दच्या फुगवट्यात आहे. म्हणजे नागपूरच्या न्हाणीघरांतून आणि संडासांतून निघालेलं पाणी शेवटी त्या जलाशयात उतरतं, ज्यातून धानाला पाणी द्यायचं, ज्याच्या काठी ढिवरांची मासेमारी चालते आणि ज्यावर गावांच्या पाणीयोजना अवलंबून राहणार. नदीचा हा मार्ग १९८८ मध्येही असाच होता. १९९१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सोळा लाखांच्या पुढे गेली, २०११ मध्ये चोवीस लाखांच्या. वाहतं पाणी घाण पुढे नेतं, अडवलेलं पाणी ती साठवतं, हे कळायला संशोधन लागत नाही. तरीही नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाच्या १९०० कोटींहून मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी झाली ती ११ डिसेंबर २०२२ रोजी. धरण आणि त्याच्या वरचं सांडपाणी या एकाच पाण्याच्या दोन कामांच्या पायाभरणीत चौतीस वर्षांचं अंतर पडलं. कारण एवढंच की धरण जलसंपदा खात्याचं होतं आणि सांडपाणी महापालिकेचं.

याच शहराने उलट उदाहरणही घालून दिलं आहे. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून त्यातलं रोज सुमारे तेरा कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था महापालिका आणि महानिर्मिती यांनी मिळून उभी केली. वीज केंद्राला थंड करण्यासाठी पाणी हवं होतं, शहराला सांडपाण्याची वाट लावायची होती आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच धरणावरचा ताण कमी व्हायला हवा होता. तीन स्वतंत्र अडचणी एका नकाशावर ठेवल्या तेव्हा त्यांतली एक दुसरीचं उत्तर निघाली. महाराष्ट्राच्या इतर शहरांनी याचा पुरेसा अभ्यास केलेला नाही, ही खंत नोंदवून पुढे जातो.

चौथा सांधा प्रकल्प बांधून झाल्यावर उघडतो. वैनगंगा मध्य प्रदेशातून येते आणि तिच्यावर शिवनी जिल्ह्यात संजय सरोवर हे धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिकडे अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांतून पाणी सुटलं, गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली गेली. वरून किती पाणी सुटलं, ते किती तासांत पोहोचेल आणि त्यासाठी खालचा जलाशय आधी किती रिकामा हवा, हा हिशेब दोन राज्यांतल्या यंत्रणांनी मिळून करायचा असतो. तो वेळेत जुळला नाही, अशी टीका तेव्हा सर्व बाजूंनी झाली. दोन धरणांच्या मधलं काम निरोपाचं होतं; त्याला ना सिमेंट लागत होतं ना लोखंड.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप साहजिक आहे: हे सगळं भ्रष्टाचाराचं फळ आहे, त्याला शास्त्रीय नावं देऊन पांघरूण कशाला घालता? २०१२ मध्ये जलसंपदा विभागातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून गैरप्रकार मांडले, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे दाखल केले. त्या दोषांची जबाबदारी ज्याची त्याच्यावर राहायलाच हवी. पण पैसा कुठे झिरपतो हे पाहिलं तर तो सांध्यांतच झिरपतो. जिथे प्रगतीचं माप खर्च असतं तिथे खर्च वाढवणं म्हणजेच काम करणं ठरतं. निविदेनंतर कामाची व्याप्ती वाढवता येते, कारण व्याप्ती मुळात शेतातल्या गरजेला बांधलेली नसते. प्रणालीची शिस्त माणसांना प्रामाणिक करत नाही. लबाडी लपायला जी जागा लागते ती मात्र आक्रसून टाकते, आणि चोर पकडल्यावरही पाणी का येत नाही या प्रश्नाचं उत्तर तिच्याचकडे असतं.

दुसरा आक्षेप निधीचा. विदर्भाला पैसा कधी पुरेसा आणि वेळेवर मिळालाच नाही, अनुशेष साचत गेला, मग आखणीला दोष का? ही तक्रार खरी आहे आणि विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या नागपूर करारापासून सुरू झालेल्या एका लांबलचक दुखण्याचा तो भाग आहे. पण पैसा कमी पडणार हे गृहीत धरूनच क्रम ठरवावा लागतो. ९९ किलोमीटरच्या कालव्यात बाराव्या किलोमीटरला एका शेताचं संपादन अडलं, तर पुढचे सगळे किलोमीटर बांधून कोरडे राहतात. त्यापेक्षा धरणापासूनचे पहिले पंचवीस किलोमीटर, त्यांच्या वितरिका, लघुवितरिका, शेतचाऱ्या आणि पाणीवापर संस्था हे सगळं एकत्र पुरं केलं, तर तेवढ्या भागात धान पिकायला लागतो. तुकडा लहान असला तरी तो स्वतःपुरता पूर्ण हवा. आपल्याकडे याउलट झालं. राज्यभर शेकडो कामं एकाच वेळी सुरू केली गेली, प्रत्येकाला थोडं थोडं वाटलं गेलं आणि सगळीच अर्धी राहिली. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात नारळ फुटला पाहिजे या राजकारणाला ही वाटणी सोयीची होती. हे राजकारण बाजूला ठेवता येणार नाही हे मान्य; पण पूर्ण झालेल्या छोट्या तुकड्याचं उद्घाटनही मतं मिळवून देतं.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसं, जंगल, कायदा हे यंत्राचे भाग नव्हेत. रॉकेट बांधण्याची रीत लोकशाहीतल्या धरणाला लावता येणार नाही. पूर्व विदर्भात तर झुडपी जंगलाच्या नोंदींमुळे हजारो हेक्टर जमीन महसुलात एक आणि वनकायद्यात दुसरी आहे, तिथे कुठला अभियंता वेळापत्रक पाळणार? यावर माझं म्हणणं असं की हा आक्षेप प्रणालीच्या विचाराला छेद देत नाही, त्याची गरज अधोरेखित करतो. वनसंवर्धन कायदा १९८० चा, पायाभरणी १९८८ ची. परवानगी लागणार हे आठ वर्षं आधीपासून माहीत होतं. माणसं नकार देऊ शकतात, न्यायालयात जाऊ शकतात, भाव मागू शकतात. म्हणूनच त्यांच्याशी बोलणं हे आखणीचं पहिलं काम असायला हवं. आणि त्यांचा नकार ऐकला तर आराखडाही सुधारतो. गोसीखुर्दमध्ये पुढे उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिकांनी पाणी वाटण्याचा पर्याय स्वीकारला गेला. नळ जमिनीखालून जातो, वर शेत शाबूत राहतं, कायमचं संपादन कमी लागतं, झिरपा आणि बाष्पीभवनही घटतं. १९८८ मध्ये हे तंत्र आजच्याइतकं परवडणारं नव्हतं हे लक्षात घेतलं, तरी शेतकऱ्याच्या अडचणीमुळे रचना बदलली आणि ती अधिक चांगली झाली, एवढं यातून दिसतंच.

कुणी म्हणेल, इतका विचार करत बसलं तर काम कधी सुरूच होणार नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी जगभरच्या सोळा हजारांहून अधिक मोठ्या प्रकल्पांची माहिती जमवली. त्यांपैकी ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत पार पडलेले साडेआठ टक्के. खर्च, वेळ आणि अपेक्षित लाभ तिन्ही साधलेले अर्धा टक्का. त्यांचा निष्कर्ष असा की घाईने सुरू झालेली कामं रखडतात आणि सावकाश आखलेली झपाट्याने होतात. कागदावरची रेघ खोडायला काही लागत नाही, ओतलेला कालवा हलवायला कोट्यवधी लागतात. दिरंगाई आखणीत झाली तर ती पगारापुरती महाग असते. बांधकामात झाली तर तिच्यावर महागाई, व्याज आणि एका पिढीची शेती चढत जाते.

नागपुरात याचा पडताळा मेट्रोने दिला. २०१४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, मार्च २०१९ मध्ये पहिल्या तुकड्यावर गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी सुमारे चाळीस किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला. आराखडा, वेळ आणि खर्च एकाच संगणकीय प्रतिकृतीत बांधून ठेवल्यामुळे एका खांबाची जागा बदलली तर तारखेवर आणि पैशावर काय होईल ते लगेच दिसत असे. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटरपर्यंत एकाच खांबांवर मधल्या मजल्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि वरच्या मजल्यावर मेट्रो आहे. दोन संस्थांनी दोन रांगा खांब उभे केले असते तर रस्ता उरलाच नसता. मेट्रोचं काम सोपं होतं, एक शहर, एक कंपनी, बुडीत गावं नाहीत, हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण सगळ्या सांध्यांना उत्तरदायी असलेली एकच संस्था असणं हा नशिबाचा भाग नव्हता, तो घेतलेला निर्णय होता. आणि मेट्रोलाही तिचा सुटलेला सांधा आहेच. प्रवासी संख्या प्रकल्प अहवालातल्या अंदाजापेक्षा बरीच कमी राहिली, कारण घरापासून स्टेशनपर्यंतची आणि स्टेशनपासून कचेरीपर्यंतची वाट, म्हणजे बस, ऑटो, सावलीचा पदपथ, ही मेट्रोच्या आखणीत तितक्या निगुतीने आली नाही. रूळ वेळेत आले, प्रवास अर्धाच जुळला.

ही दृष्टी परकी आहे असंही समजू नये. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुलखात हजारो तलाव बांधले, जे आज मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. त्या तलावात पाळ, पाणी सोडायचं तुडूम, नहर, खालच्या बांध्या आणि पाणी कुणी केव्हा सोडायचं याची रीत, हे सगळं एकाच वेळी ठरत असे. बांधणारा आणि पिकवणारा एकाच गावचे असत. मालगुजारी गेली, १९५० नंतर तलाव सरकारकडे आले, पाळ एका खात्याची, मासे दुसऱ्याचे, गाळ तिसऱ्याचा झाला आणि तलाव गाळाने भरत गेले. त्या व्यवस्थेत जातीची आणि जमिनीच्या मालकीची विषमता होती, तिचं गुणगान करायचं कारण नाही, आणि अडीच लाख हेक्टरांचा प्रश्न गावतलावांनी सुटणारही नाही. पण पाण्याच्या वाटेचा एक धनी हवा, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

हा सगळा विचार आज करण्याचं कारण समोर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दच्या जलाशयातून पाणी उचलून सुमारे ४२६ किलोमीटर पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यापर्यंत न्यायचं, वाटेत नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांतली पावणेचार लाख हेक्टरांच्या जवळपास जमीन भिजवायची आणि त्यासाठी सत्त्याऐंशी हजार कोटींहून अधिक खर्च करायचा. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे आणि या प्रकल्पाला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याचं उगमस्थान तोच जलाशय आहे ज्याच्यावर आधीच अडीच लाख हेक्टरांचा शब्द दिलेला आहे, ज्यात नागपूरचं सांडपाणी उतरतं आणि ज्याची पावसाळ्यातली पातळी मध्य प्रदेशातल्या निरोपावर हलते. गोसीखुर्दच्या राहिलेल्या वितरिका, नाग नदीचं शुद्धीकरण, वरच्या धरणांशी पाणी सोडण्याचा करार आणि नदीजोडाचा पहिला कालवा, या चार कामांच्या तारखा आज चार निरनिराळ्या कचेऱ्यांत लिहिल्या जात आहेत. त्या एकाच वेळापत्रकात याव्यात. पहिल्या निविदेआधी त्या वेळापत्रकावर एका नावाची सही असावी. आणि ४२६ किलोमीटरांची विभागणी अशा तुकड्यांत व्हावी की पहिला तुकडा, कुही-उमरेडकडचा असो की वर्ध्याकडचा, पुढचे कधीच झाले नाहीत तरी आपल्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी देऊ शकेल. विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी सविस्तर अहवाल हाती घेतल्यावर एकूण हेक्टरांचं पान उलटून थेट विमोचकांची यादी मागावी: कुठल्या शिवारात, कुठल्या पातळीवर, कुठल्या पंधरवड्यासाठी. यादी तयार नसेल, तर नारळ फोडायला अजून अवकाश आहे.